माळ्यावरची बाळंतीण

१

उजाडलं की चूल पेटवण्याआधी म्बेयू शिडीला पाय लावायची. चुलीच्या बरोबर वर माळा होता. खालचा धूर खाऊन खाऊन वरची कणसं काळपट पडायची, पण त्यांना कीड लागायची नाही. चढताना डाव्या हाताने ती नेहमी एकच वासा धरायची. हे घर बांधताना तिच्या नवऱ्याने, चेंगोने, खाडीतून आणलेले सगळे वासे स्वतः बसून सोलले होते. सालीखाली वाळवी घर करते म्हणून बोटभर साल कुठे राहू द्यायचा नाही. मदतीला आलेली माणसं कंटाळून माडी प्यायला निघून गेली, तरी हा आपला कोयत्याने घासतोच आहे. चेंगोला जाऊनही आता बराच काळ लोटला होता. तो वासा मात्र म्बेयूच्या तळहाताने हाडासारखा गुळगुळीत झाला होता.

त्या वर्षी केनियाच्या किनाऱ्यालगत, सोकोकेच्या रानाकाठच्या गावांत उंदीर माजले होते. आधी पावसाने पाठ फिरवली, माणसं कसाव्याची मुळं उकरून जगली. मग असा कोसळला की गवत छातीला लागलं, आणि गवताबरोबर उंदीर वर आले. माळ्यामाळ्यावर अशी धावपळ चालायची की खाली बसलेल्याला वाटावं, वर पाहुणे उतरलेत. बाजारातलं औषध घातलं, तर तेही खाऊन उंदीर गलेलठ्ठ झाले. रोजच्या खाण्याचं जाऊ दे, पण बियाणं संपलं की पुढचं पीक संपलं. या भीतीने बायका दिवसाढवळ्या माळ्याखाली ताटल्या बडवत बसायच्या.

त्या सकाळी म्बेयू शिडीच्या मधल्या पायरीवर थबकली. वर चिडीचूप होतं.

तिने आधी कानात बोट घालून हलवलं. मग खाली बघून सुनेला हाक मारली. "न्येवू, काहीतरी बोल बरं."

"काय बोलू?" न्येवू दारात उभी राहून दात घासत होती. तिचा नवरा मोम्बासाच्या बंदरात कामाला होता आणि तिची जीभ मोकळी असायची. "सकाळी सकाळी माझी बोलणी खायची हौस आलीय का, आई?"

"ऐकू येतंय. म्हणजे कान शाबूत आहेत."

"मग काय झालं?"

"उंदीर गेले."

न्येवूने तिथूनच आनंदाने हात वर केले. म्बेयूलाही हसू आलं. तिने सवयीने डावा हात वर टाकला, वासा धरला, आणि हात तसाच राहिला.

वासा खरखरीत होता. बोटांखाली साल लागत होती, जुन्या झाडाची असते तशी, भेगांची, वळणावळणांची. आणि ती साल कोमट होती.

राहिली असेल चेंगोकडून एखादी, असं तिने मनाशी म्हटलं. धुराने फुगून वर आली असेल. ऊब चुलीची असेल. कणसं ओच्यात घेऊन ती खाली उतरली, चुलीपुढे वाकली, फुंकायला तोंड पुढे केलं आणि तशीच राहिली. चुलीत कालची गार राख होती.

२

दुपारी ती कंदील घेऊन पुन्हा वर गेली. सगळे वासे सोललेले होते. तिने एकेकावरून हात फिरवला. कुठे सालीचा नखभर टवका नाही. तिचा नेहमीचा वासाही होता तसाच होता, गुळगुळीत आणि गार.

मेलेला उंदीरही सापडला नाही. लेंड्या नाहीत, कुरतडलेला भुगा नाही. कणसांची रास मधोमध थोडी दबली होती, एवढंच. कुणीतरी टेकून बसावं तशी.

म्हातारपणाची ही सुरुवात, असं तिने ठरवून टाकलं. तिच्या आईलाही शेवटी शेवटी भिंतीत माणसं दिसायची. पण आईला दिसायची ती तरी ओळखीची होती.

त्यानंतर आवाज सुरू झाला. भर दुपारी घर शांत असलं की तो ऐकू यायचा. दूर कुणीतरी सावकाश जातं ओढतंय, एवढाच. म्बेयू अंगणात आली की तो नसायचा. आत गेली की असायचा. एकदा तिने भिंतीच्या मातीला तळवा लावला, तर तो आवाज भिंतीत होता आणि हातातून थेट खांद्यापर्यंत चढला. तिने हात मागे घेतला तरी खांद्यात तो थोडा वेळ फिरत राहिला.

"न्येवू, ऐकतेस का?"

न्येवू नारळ किसत होती. तिने मान वर केली नाही. "मी परवापासून ऐकतेय, आई. मला वाटलं, माझंच पोट गुरगुरतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

म्बेयूला क्षणभर बरं वाटलं, क्षणभरच. म्हणजे हे म्हातारपण नव्हतं.

त्याच दिवशी शेजारची जुम्वा आली. बसली नाही. डोळे सुजलेले. "सगळं बियाणं गेलं गं," म्हणाली. "ज्या मडक्याला शेणाने तोंड लिंपलं होतं, त्यालाही खालून भोक पाडलं मेल्यांनी."

म्बेयूने तिला सुपात मूठमूठ करून बरंच बियाणं घातलं. जुम्वाने सूप डोक्यावर घेतलं, जाता जाता सहज वर पाहिलं. फळ्यांच्या फटींतून कणसांची रास दिसत होती. जुम्वा ऐकत उभी राहिली. एरवी कुणाच्याही घरात जी धावपळ ऐकू यायची, ती इथे नव्हती.

"तुझ्याकडे उंदीर नाहीत?" तिने हळूच विचारलं.

"नाहीत."

दारातून बाहेर पडताना जुम्वाने चौकटीला अंग लागू दिलं नाही, हे म्बेयूने पाहिलं.

३

गावात गोष्ट फिरायला फार वेळ लागला नाही. विहिरीवर म्बेयू आली की बायका हंडे भरल्याशिवायच उचलू लागल्या. मग एका सकाळी तिचा धाकटा दीर फोंडो येऊन काजूच्या झाडाखाली बसला. अंगाने आडवा, ढोल वाजवण्यात तरबेज, आणि चेंगो गेल्यापासून वहिनीच्या माडांवर डोळा ठेवून असलेला.

"वहिनी, गावभर उंदीर आणि तुमच्या घरी एकही नाही. छान आहे."

"छानच आहे. पाणी देऊ, भावजी?"

"नको. लोक म्हणतात, म्बेयूच्या घरचं पाणी सध्या न पिलेलं बरं."

"कोण लोक? ज्यांचं तोंड तुमच्या तोंडासारखं आहे ते?"

फोंडो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "लोक म्हणतात, तिचे उंदीर तिने आमच्या घरी पाठवले. करणी केली. मी म्हटलं, नाही हो, माझी वहिनी आहे ती. पण उद्या गोना आजोबा आणि बाकीचे पंच येणारेत. घराची झडती घेणार. काही सापडलं तर मला काय करता येणार? त्यापेक्षा तुम्ही लेकाकडे मोम्बासाला निघून जा. घराकडे, माडांकडे मी बघेन."

"तुम्ही बघताच आहात की कधीपासून."

तो उठला, कपडे झटकले आणि गेला. म्बेयू तिथेच उभी राहिली. मागल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात एका म्हातारीबद्दल अशीच कुजबुज झाली होती. तिच्या घराची आता राखही उरली नव्हती. तिथे तिचा पुतण्या कसावा लावत होता.

घरात जावं तर वर ते. बाहेर जावं तर हे. आयुष्यात पहिल्यांदा म्बेयूला स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून कळेना की कुठल्या बाजूला पाय टाकावा.

"मिरच्या जाळू," न्येवू आतून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "चुलीत मूठभर टाकू, धूर करू. काय असेल ते बाहेर पडेल. उद्या पंच आले तर रिकामा माळा दाखवू."

म्बेयूने मिरच्या घेतल्या. चुलीपर्यंत नेल्याही. पण मग त्या तशाच दगडावर ठेवल्या.

"आधी बघते," ती म्हणाली. "माझ्या घरात काय आहे, ते पंचांच्या आधी मला कळायला हवं."

४

ती कंदील न घेता चढली. झावळ्यांच्या फटींतून ऊन येत होतं, तेवढा उजेड पुरे होता.

साल पुन्हा आली होती. पण आता वर छपराशी नव्हती, खाली होती, कणसांच्या राशीवर आडवी. माळ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काळसर तपकिरी, त्यावर फिकट भेगा, वळणं, गाठी. पावसाने न्हालेल्या जुन्या झाडाची असते तशी साल. एखादं आख्खं खोड कुणी आणून टाकलंय, असं वाटावं. पण शिडीच्या तोंडातून एवढं खोड आत येणं शक्य नव्हतं.

आजवर प्रत्येक गोष्टीला म्बेयूकडे काहीतरी कारण असायचं. आता तिला कारण सुचेना. ती शिडीवरच उभी राहिली, कमरेपर्यंत माळ्यात, आणि जात्याचा आवाज तिच्या दातांत घुमू लागला.

साल वर उचलली गेली. आणि खाली बसली. पुन्हा उचलली गेली.

म्बेयूने डोळे मिटले नाहीत. पुढे ती न्येवूला एवढंच सांगायची की भीती वाटली, पण डोळे मिटले असते तर ती आणखी मोठी झाली असती.

राशीच्या मधोमध जिथे कणसं दबली होती, तिथे काहीतरी वळवळत होतं. छोटं छोटं. सालीचेच तुकडे, असं आधी वाटलं. मग एका तुकड्याने तोंड उघडलं, आत गुलाबी दिसलं, आणि अगदी बारीक, चिरका आवाज आला. लांब पाय, मोठे कान, बंद डोळे. मांजराची पिल्लं. समुद्राकाठच्या कोळ्यांकडे मांजरं असायची, म्बेयूने पाहिली होती. पण असला अंगरखा घातलेली नव्हती. पिल्लं सालीकडे तोंड करून सरकत होती आणि साल त्यांच्याभोवती हळूच वाकत होती.

म्बेयूच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. प्रत्येक बाळंतघरात शिरताना बाई म्हणते तेच.

"सुटलीस ना गं नीट?"

जात्याचा आवाज थांबला. त्या टोकाला, जिथे ऊन पोचत नव्हतं तिथे, काहीतरी तिच्याकडे वळलं. तिने काय पाहिलं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ते रागावलेलं नव्हतं.

ती खाली उतरली. चेहऱ्यावर वेगळंच काही होतं.

"मिरच्या उचल," तिने न्येवूला सांगितलं. "वर बाळंतीण आहे. या घरातून बाळंतिणीला आजवर कुणी हाकललेलं नाही."

"कोणाची बाळंतीण? आई, कोण आहे वर?"

"पोटात आग पडली तर तूही उंदीर खाशील, असली कुणीतरी. उद्यापासून कणसं दाराकडच्या बाजूची काढायची. ती बाजू तिची, ही आपली."

५

पंच दुपारी आले. मागे आख्खं गाव. गोना आजोबा पुढे, काठी टेकत. बायका कुंपणाला धरून उभ्या. जुम्वा सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून.

"म्बेयू, पोरी," आजोबा म्हणाले, "लोकांचं समाधान व्हायला हवं. घर बघू दे."

"बघा की. लपवायला मी काय नवी नवरी आहे? पण माळ्यावर एकानेच जायचं. फळ्या जुन्या आहेत." ती फोंडोकडे वळली. "भावजी जातील. त्यांनाच जास्त काळजी आहे."

लोक हसले. फोंडोला नाही म्हणता येईना. तो शिडी चढला, फळ्या करकरल्या, आणि दिसेनासा झाला.

खाली सगळ्यांच्या माना वर. आधी कणसं बाजूला सारल्याचा आवाज आला. मग पावलांचा, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे. म्बेयूने भिंतीला पाठ लावली होती. पाठीत जातं फिरत होतं. ती वाट बघत होती.

"इथे काही नाही," वरून फोंडोचा आवाज. मोठा, जरा खट्टू. "कणसं आहेत नुसती. आणि हा..."

जातं थांबलं.

"वहिनी," वरून अगदी वेगळा आवाज आला, लहान मुलाचा असावा तसा. "दादाने तर सगळे वासे सोलले होते ना?"

त्यानंतर काही नाही. धुळीचे कण, फटींतून खाली येणारं ऊन. त्या फटी एकामागून एक काळ्या होत गेल्या. माळ्यावरून काहीतरी सावकाश सरकत गेलं, आणि मग एकेक करून पुन्हा उजळल्या. छपराच्या टोकाकडच्या झावळ्या सळसळल्या. बाहेर वाऱ्याची झुळूक नव्हती. कुंपणाशी उभ्या बायकांपैकी कुणीतरी लेकराला छातीशी घट्ट धरलं.

फोंडो उतरला तेव्हा त्याचे पाय पायऱ्या चाचपडत होते. तो जमिनीवर बसला. एक तळवा तो पुन्हा पुन्हा कपड्याला पुसत होता.

"काय होतं?" गोना आजोबांनी विचारलं.

"मांजरं," फोंडो म्हणाला. "मांजराची पिल्लं."

"आणि आई?"

फोंडोने छपराकडे पाहिलं. मग म्बेयूकडे पाहिलं. तिने मान किंचित हलवली, होय की नाही ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

"आई बाहेर गेलीय," तो म्हणाला. "असेल मांजरासारखी मांजर."

म्बेयू शिडीला लागली. ती वर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या ओटीत पिल्लं होती. डोळे नुकते किलकिले झालेले, अंगावर झाडाची साल. अंगणाच्या मधोमध तिने ओटी उघडली.

"ही माझी करणी," ती म्हणाली. आवाज कुंपणापलीकडे गेला. "हिच्या आईनेच माझे उंदीर खाल्ले. तुमच्या घरचे खायला अजून हिला दात फुटायचेत. ज्यांना माझ्या घरचं पाणी चालत नाही, त्यांना ही चालेल का, ते ज्याने त्याने बघावं."

आधी कुणीच हललं नाही. मग एका मुलीने पुढे येऊन एका पिल्लाला बोट लावलं. पिल्लू कुंपणाच्या खांबाला चिकटलं आणि तिथे दिसेनासं झालं. मुलगी किंचाळली, मग हसत सुटली. "खांबात गेलं! खाझोंझो, खाझोंझो!" तिकडच्या बोलीत झाडाच्या सालीसारखं जे असतं, त्याला तेच म्हणतात. नाव तिथेच पडलं.

जुम्वा पुढे आली. म्बेयूने तिचा हात धरला. "पहिलं तुझं. बियाणं पेरलंस ना? राखायला नको का कुणी?"

शेवटी फोंडो उठला. "वहिनी," तो पुटपुटला, "एक मलाही."

"काय म्हणालात, भावजी? माझे कान म्हातारे झालेत."

"एक पिल्लू द्या म्हटलं."

"आणि?"

गाव ऐकत होतं. गोना आजोबांनी काठीवर हनुवटी टेकली होती, डोळ्यांत मिस्किली. फोंडोने कपाळ पुसलं.

"माझी वहिनी चेटकीण नाही," तो मोठ्याने म्हणाला. "हे घर, हे माड तिचे. मी बोललो ते खोटं होतं."

तेव्हा कुंपणाशी उभ्या बायकांनी जिभा हलवून आनंदाची जी आरोळी उठवली, ती म्हणे रस्त्यावरच्या बसमधल्या लोकांनीही ऐकला.

६

पिल्लं दूध सोडेपर्यंत म्बेयूच्याच माळ्यावर राहिली. मग घरोघरी गेली. त्यांना पिल्लं झाली, त्यांच्या पिल्लांना झाली. पुढच्या मोठ्या पावसानंतर रानाकाठच्या एकेका माळ्यावरची धावपळ थांबत गेली. लांब पायांची, सालीच्या अंगाची ती मांजरं माडावर चढून बसायची आणि नजर हलवली की हरवायची. नंतर समुद्राकाठच्या मोठ्या बागेतली एक गोरी बाई आली, एक जोडी घेऊन विमानाने गेली. परक्या देशात त्यांची अवलाद वाढली, असं ऐकू येतं. त्या लोकांनी पत्र पाठवून विचारलं होतं की ही मांजरं आली कुठून. न्येवूने सरळ कळवलं की आमच्या घरातून.

त्या वर्षी मका असा आला की कणसं ठेवायला माळे पुरेनात. म्बेयूच्या अंगणात गाव जमलं. भर उन्हात मक्याच्या पिठाचा सिमा रटरटत होता, नारळाच्या रसात मासे शिजत होते. फोंडो मधोमध बसून ढोल वाजवत होता आणि खरं सांगायचं तर त्याच्यासारखा वाजवणारा त्या भागात दुसरा नव्हता. म्बेयू सगळ्यांच्या पुढे नाचत होती. आयुष्यभरात ती एवढी नाचली नव्हती.

नाचता नाचता तिला दिसलं की छपरांवरची, कुंपणांवरची, माडांवरची सगळी मांजरं उठून उभी राहिलीत आणि एकाच बाजूला बघताहेत. रानाकडे.

तिनेही पाहिलं. रानाच्या कडेला झाडांची ओळ उन्हात उभी होती, दाट, एकसारखी. मग त्या ओळीतलं एक खोड सावकाश वळलं आणि आत गेलं. जिथे ते होतं तिथे आता पलीकडचं आभाळ दिसत होतं.

ढोल बंद पडला होता. फोंडोचे हात हवेत राहिले होते. तोही तिकडेच बघत होता.

"आई, काय झालं?" न्येवूने विचारलं. "काय बघताय?"

म्बेयूने रानाकडे बघूनच कांगा कमरेला घट्ट खोचला. तिचं अख्खं तोंड हसत होतं.

"काही नाही गं. ढोल का थांबला ते विचार," ती म्हणाली. "भावजींना म्हणावं, वाजवा. मी अजून दमलेली नाही."